अंड्याला खिडकी पाडणारी जुलेखा

अंडी विकायची मी, आणि गावात अंडीवाली म्हणायचे जुलेखाला. यात माझा अपमान होता. पण तिला त्याची फिकीर नव्हती आणि मला भांडायला वेळ नव्हता.

मागच्या आठवड्यात म्हसळ्याच्या कॉलेजातल्या दोन मुली गावठी अंडी मागायला आल्या. "ताजी हवीत आजी, फ्रीजमधली नकोत, आणि कोंबड्यांत कोंबडा असायला पाहिजे," असं एका दमात म्हणाल्या. वाक्य कुणाचं ते मला लगेच कळलं. बाई पुण्याला जाऊन बसली तरी तिचं वाक्य अजून म्हसळ्यात फिरतंय. म्हणून हे लिहायला घेतलं. मी चौथी शिकलेली. नातसून सायली शुद्धलेखन तपासते. बाकी शब्द माझे.

आमचं गाव हरिहरेश्वराच्या अलीकडे. आमची सुपारीची वाडी संपते तिथं जुलेखाच्या घराच्या दगडी कुंपणाचा गडगा. तिचा बाप आधी जहाजावर, मग कुवेतला. मुलीला त्यानं शिकवलं आणि ती शिकतच राहिली. पुण्याच्या एका संस्थेत कामाला लागली, लग्न केलं नाही. बाप वारला. मग आई, खैरुन, न्हाणीत पडली आणि तिच्या कंबरेचं हाड मोडलं, तेव्हा जुलेखा रजा घेऊन गावी आली. पंचेचाळिशीची असेल. म्हसळ्याच्या कॉलेजात तात्पुरतं शिकवायचं काम धरलं. सामान म्हणाल तर एक बॅग कपड्यांची आणि टेम्पोभर खोकी. खोक्यांत अंडी उबवायची पेटी आणि एक सूक्ष्मदर्शक. आम्ही त्याला दुर्बीणच म्हणायचो. लांबचं नाही, बारीक दाखवायची, एवढाच फरक.

दिसायला उंच, हाडकुळी. डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, केस दुर्बिणीखाली पडू नयेत म्हणून. खैरुन खाटेवरून ओरडायची, "ही अल्लासाठी डोकं झाकत नाही, अंड्यासाठी झाकते." जुलेखा म्हणायची, "झाकते ना? मग झालं तर."

आल्या आल्या ती माझ्याकडे आली.

"काकी, दर आठवड्याला डझनभर अंडी लागतील. गावठी."

"दोघी बायका एवढी खाणार?"

"खायला नाही. बघायला. आणि कोंबड्यांत कोंबडा असायला पाहिजे."

मला वाटलं पुण्यात राहून डोकं फिरलं असेल. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. तेव्हा माझी एक कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली होती. मी विचार केला, हिला जीव धरलेली अंडी हवीत, थंड अंड्यात जीव कसा धरेल? म्हणून जुलेखाची अंडी मी खुडूक कोंबडीखाली सरकवली, दोन दिवस उबेत ठेवली आणि मग नेऊन दिली. संध्याकाळी ती टोपली घेऊन परत.

"काकी, ही कुठं ठेवली होती?"

"कोंबडीखाली. गरम हायत का न्हाय बघ."

"सगळ्यांत हृदय सुरू झालंय."

"मग चांगलंच झालं की."

"मला सुरू व्हायच्या आधीचं बघायचंय. तुम्ही सिनेमा मधून दाखवलात."

रागावली नव्हती. ती रागावायची नाही, नुसती सांगायची. मीही माफी वगैरे मागितली नाही. पुढच्या खेपेपासून घातल्या घातल्या अंडं उचलायचं असं ठरलं. पण दोन दिवसांत काळीज सुरू होतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. जन्मभर कोंबड्या पाळल्या, अंडी फोडली, पिल्लं काढली, पण असं कधी मनात आलं नव्हतं. मनात येण्याचं कारणही नव्हतं.

तिचं काम बघायला मी जाऊन बसायची. खैरुनशी गप्पा मारायला जाते असं सांगायची. जुलेखा अंडं आडवं ठेवायची, कवचावर पेन्सिलीनं खूण करायची, "बिस्मिल्ला" म्हणायची आणि बारीक कात्रीनं टरफलाला चौकोनी खिडकी पाडायची. आत बघून झालं की खिडकीला चिकटपट्टी लावून अंडं परत पेटीत. दुर्बिणीत डोळा असताना ती कुणाशी बोलत नसे. फक्त उजव्या हाताचं एक बोट टेबलावर ठक ठक करत राहायचं. आत जसं उडतंय तसं बाहेर बोट. बोट थांबलं की समजायचं, आतलं थांबलं. तेव्हा मात्र ती चहात साखर घेत नसे. काम जमलं त्या दिवशी दोन चमचे.

एकदा मी विचारलं, "अंड्याला कशाला बिस्मिल्ला? कोंबडी कापत्येस का?"

"जीव तर घेते ना, काकी."

"मग घेऊ नको."

"घेतल्याशिवाय कळत नाही."

मी कोंबडी कापून खाते. तिनं निदान काहीतरी शिकायला कापली.

काय शिकतेस, असं विचारलं तर ती टाळत नसे. मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं ते तिनं सांगितलं. काळीज आधी एक नसतं. ती हृदय म्हणायची, मी काळीज म्हणते. डाव्या अंगाला थोडं, उजव्या अंगाला थोडं. दोन्हीकडच्या पेशी सरकत सरकत मधे येतात, एकमेकींना चिकटतात आणि त्यांची एक नळी होते. ती नळी उडायला लागते. मग ती वळते, तिच्यात पडदे येतात, कप्पे होतात.

"सरकायचं कुठं, त्यांना कसं ठाव?"

"शेजारच्या पेशी निरोप सोडतात. वाढीचा निरोप. आणि तो धरायला प्रत्येक पेशीच्या अंगावर जागा असतात. रिसेप्टर म्हणतात त्यांना. जागा असेल तर निरोप पोचतो. नसेल तर निरोप नुसता आजूबाजूनं फिरतो."

"आमच्या सुनंदासारखं म्हण. सांगणारे धा, धरायला जागाच न्हाय."

सुनंदा म्हणजे माझी सून. जुलेखा हसली नाही. "बरोबर," म्हणाली. पुढं कॉलेजातही तिनं हे उदाहरण दिलं. सुनंदाचं नाव घेतलं की नाही ते मी विचारलं नाही.

पुण्याहून तिला थंड डब्यात वाळूच्या कणासारखे मणी यायचे, औषधात भिजवलेले. तो मणी पिल्लाजवळ ठेवला की त्या निरोप धरायच्या जागा बुजतात. मग काय होतं, ते ती बघत होती. एकदा मला म्हणाली, "या, बघा." मी डोळा लावला. दोन बारीक ठिपके दिसले, एक इकडे, एक तिकडे. दोन्ही उडत होते, पण एका तालात नाही.

"ही दोन पिल्लं?"

"एकच. निरोप धरला नाही. मधे कुणी आलंच नाही."

"मग?"

"मरतं."

त्या दिवशी तिनं चहात साखर घेतली, कारण प्रयोग जमला होता. पण कप अर्धा ठेवला.

गावाला वाटायचं, नावामागं डॉक्टर लागतं तर औषध देईल. सरपंच छातीच्या ईसीजीचा पट्टीचा कागद घेऊन आले. तिनं तो हातातही घेतला नाही. "हृदय मोहरीएवढं असेपर्यंत माझं. तुमचं फार मोठं झालं. माणगावला जा." लोकांना तिचा राग यायचा तो आणखी एका गोष्टीचा. काहीही विचारलं की ती पटकन म्हणायची, "माहीत नाही." लाज नाही, घुटमळणं नाही. शिकलेला माणूस "माहीत नाही" म्हणतो हे गावाला खपत नाही. गावात ज्यांना काही माहीत नसतं तेसुद्धा असं म्हणत नाहीत. कुणाला बरं वाटावं म्हणून ती एक शब्द बोलायची नाही. खैरुननं विचारलं, "मी परत चालेन ना ग?" तर म्हणाली, "काठीनं चालशील. धावणार नाहीस." मला हे आवडायचं. सुनंदाला अजिबात नाही.

आता सुपारीचं सांगते.

सायली आमच्याकडे नातसून म्हणून आली तिला वर्ष झालं होतं. तिला दिवस गेले. पाचव्या महिन्यात संध्याकाळचं सूर्यग्रहण आलं. आमच्यात गरोदर बाईनं ग्रहणात काही कापायचं, चिरायचं नाही, दार लावून बसायचं. घरातली सगळी ग्रहण सुटल्यावरच्या अंघोळीसाठी समुद्रावर गेली होती, मीही. सायली एकटी. तेवढ्यात सुपारीचा व्यापारी टेम्पो घेऊन आला. सुपारीच्या धंद्यात नमुना दाखवायचा म्हणजे चार सुपाऱ्या अडकित्त्यानं दोन करून आतला गर दाखवायचा. गर बघितल्याशिवाय कुणी भाव करत नाही. सायली म्हणाली, उद्या या. तो म्हणाला, "उद्या मी माणगावला. मला ग्रहण लागत नाही, वहिनी." घरचा माल जाईल म्हणून तिनं अडकित्ता घेतला आणि चार सुपाऱ्या कापून दाखवल्या. व्यापारी गेला. अर्ध्या अर्ध्या सुपाऱ्या ओटीवरच्या परातीत राहिल्या आणि सुनंदानं परत आल्यावर त्या बघितल्या.

पुढच्या पंधरवड्यात माणगावला सोनोग्राफी झाली. त्यांनी मुंबईला पाठवलं. मुंबईत सांगितलं, पोटातल्या बाळाच्या काळजाच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला भोक आहे. जन्मल्यावर बघू. लहान असेल तर आपोआप बुजेल, नाहीतर ऑपरेशन.

सुनंदा एवढंच म्हणाली, "सुपारी दोन केलीस, पोराचं काळीज फाडलंस."

एकदाच म्हणाली असती तर गोष्ट वेगळी. ती रोज म्हणायला लागली. भाकरी वाढताना म्हणायची, कपडे वाळत घालताना म्हणायची. अडकित्ता तिनं फडक्यात बांधून माळ्यावर टाकला. सायली आधी रडायची, मग रडायची थांबली. त्याची मला जास्त धास्ती वाटली. ताटावर बसायची आणि ताट तसंच उचलायची. मुंबईच्या डॉक्टरनं बजावलं होतं की बाळाचं वजन वाढायला हवं, तेव्हाच काही करता येईल. आणि इथं आई जेवत नव्हती. नातू, निखिल, बोटीवर कामाला. तो फोनवर नुसता "जेव ग" म्हणायचा. मी सुनंदाला गप्प बस म्हटलं. ती म्हणाली, "तुमी ग्रहण पाळता का न्हाय?" पाळते. त्यामुळे मला पुढं बोलता येईना.

मी गडगा ओलांडून जुलेखाकडे गेले आणि सगळं सांगितलं. तिनं मधे एकच प्रश्न विचारला. "कितव्या महिन्यात कापली?"

"पाचव्या."

ती उठली, पेटीतून एक अंडं काढलं, ओढणीत गुंडाळलं आणि तशीच आमच्या स्वयंपाकघरात आली. सुनंदा मासे साफ करत होती. सायली भिंतीला टेकून बसली होती.

जुलेखानं वाटीत अंडं ठेवून खिडकीची पट्टी काढली. "सुनंदा, हे तीन दिवसांचं आहे. बघ."

दुर्बीण लागली नाही. पिवळ्यावर लाल टिंब, आणि ते उडत होतं. सुनंदा हात धुवून आली, वाकली आणि बघत राहिली.

"पिल्लाला चोच नाही, पाय नाहीत, पीस नाही," जुलेखा म्हणाली. "पण हृदय आहे. सगळ्यांत आधी तेच चालू होतं. माणसाचंही तसंच. दुसरा महिना संपता संपता भिंती बांधून होतात. सायलीनं सुपारी कापली पाचव्यात. भोक तेव्हा होतंच."

सायलीनं मान वर केली.

मला वाटलं, मिटलं. पण सुनंदाचा चेहरा उतरला. ती खालीच बसली.

"दुसऱ्यात?" ती म्हणाली. "दुसऱ्यात तर मी हिला सुपारीच्या टोपल्या उचलायला लावल्या. ही म्हनत हुती चक्कर येत्ये. मी म्हनले, नखरे नको करू. तवा कुनाला ठाव हुतं हिला दिवस गेलेत ते." मग हळू म्हणाली, "म्हंजे माजंच."

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. जुलेखाच्याही आलं नसावं. ती म्हणाली, "नाही."

"न्हाय कसं?"

"टोपलीनं भोक पडत नाही. चक्करेनं पडत नाही."

"मग कशानं पडलं?"

"माहीत नाही."

"एवढं शिकलीस आन् माहीत न्हाय?"

"एवढ्याशा पेशींना निरोप पोचायचा असतो, हजार वेळा. एखादा पोचला नसेल. का पोचला नाही, ते अजून कुणाला धड सांगता येत नाही. मी वीस वर्षं तेच शोधते आहे. पण टोपलीनं नाही आणि सुपारीनं नाही. एवढं माहीत आहे."

सुनंदा तिच्याकडे रोखून बघत होती. "मला बरं वाटावं म्हनून बोलत्येस."

"बरं वाटावं म्हणून मी कधी कुणाशी बोलले?"

आतल्या आत सगळ्यांनी आठवून बघितलं असणार, मीही बघितलं. असं एकदाही झालं नव्हतं.

"मग चूक कुनाची?" सुनंदानं विचारलं.

"कुणाची नाही."

सुनंदाला हे सगळ्यात जड गेलं. सायलीची चूक तिनं महिनाभर धरून ठेवली होती, स्वतःची एका मिनिटात धरली. कुणाचीच नाही म्हटल्यावर धरायला काही उरलं नाही. ती रडली. मला रडण्याचा कंटाळा आहे, म्हणून मी उठून राहिलेले मासे साफ केले. जुलेखानं अंड्याला पट्टी लावली आणि जाता जाता सायलीला म्हणाली, "जेव. वजन पाहिजे."

त्या दिवशी सायलीनं दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिसरी सुनंदानं न विचारता वाढली. अडकित्ता सुनंदानं आठवड्यानं माळ्यावरून काढला. कुणाला काही न बोलता खुंटीला अडकवला. ग्रहण ती अजून पाळते, मीही पाळते. पण त्यावर घरात कुणाला छळायचं नाही असं आमचं न बोलता ठरलं.

पणती पनवेलला जन्मली. वजन चांगलं. नाव ओवी. भोक होतं, पण लहान. सव्वा महिन्यानं तिला घरी पाळण्यात घातली तेव्हा मी तिच्या छातीवर हात ठेवला आणि दचकले. आत मांजर घुरघुरावं तसं लागत होतं. जुलेखाला बोलावलं. तिनं तळहात ठेवला, डोळे मिटले.

"हे भोकाचं आहे. रक्त फटीतून जातं त्याची थरथर."

"एवढी थरथर म्हंजे भोक मोठं?"

"उलट. तुमच्या मागच्या दाराची फट बारीक आहे म्हणून वाऱ्यात शिट्टी वाजते. दार सताड उघडं असतं तर वाजली असती?"

"मग बुजंल?"

"माहीत नाही. डॉक्टर म्हणतात बुजेल. मी कोंबडीची डॉक्टर."

तेव्हापासून कॉलेजातून आली की ती आमच्या ओटीवर यायची, ओवीच्या छातीवर तळहात ठेवायची आणि जायची. बोलायची नाही. सुनंदा चहा ठेवायची, विचारायची, "साखर?" जुलेखा म्हणायची, "नको." असं वर्ष गेलं, वर दिवाळी गेली. ओवी चालायला लागली, कोंबड्यांमागं पळायला लागली. खैरुनही काठी घेऊन गडग्यापर्यंत यायला लागली.

एका संध्याकाळी जुलेखानं हात ठेवला तो उचललाच नाही. ओवी वैतागली, तिचा हात ढकलायला लागली. जुलेखानं दुसरा हात ठेवला. मग मला म्हणाली, "तुम्ही बघा." मी ठेवला. ठोके लागत होते. मांजर नव्हतं.

"गेलं?" मी म्हटलं.

"माहीत नाही. मुंबईला तपासायला न्या."

सुनंदानं आतून विचारलं, "साखर घालू?"

जुलेखा ओढणी सारखी करत उठली. "तपासून आल्यावर," म्हणाली.

मुंबईच्या डॉक्टरनं यंत्र फिरवलं, पडद्यावर दाखवलं, आणि सांगितलं की भिंत सलग आहे, आता वर्षानं एकदा दाखवा, काळजी नको. सुट्टीवर आलेल्या निखिलनं तिथूनच फोन केला. सुनंदा फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि साखरेचा डबा घेऊन थेट गडगा ओलांडून पलीकडे गेली. अख्खा डबा. जुलेखानं चहात दोन चमचे घातले आणि कप पुरा प्यायली. मी बघत होते.

पुढच्या महिन्यात तिची रजा संपली. खैरुनलाही ती पुण्याला घेऊन गेली. घराची चावी माझ्याकडे आहे. निघायच्या दिवशी भाड्याची गाडी गडग्यापाशी उभी होती. खैरुन मागं उशा लावून बसली होती आणि ड्रायव्हरला खड्ड्यांवरून आधीच बोलत होती. मी कागदात गुंडाळून अंडी दिली. जुलेखानं विचारलं, "कधीची?"

"सकाळची. कोंबडीखाली ठेवलेली न्हायत."

ती हसली. मी तिला हसताना दोन-तीनदाच बघितलं असेल. गाडीत बसली, काच खाली केली. सायली ओवीला कडेवर घेऊन खिडकीजवळ गेली. जुलेखानं हात बाहेर काढून ओवीच्या छातीवर तळहात ठेवला, डोळे मिटले. ड्रायव्हरनं गाडी चालू केली तरी हात तिथंच.

"काय लागतंय?" सुनंदानं विचारलं.

"काही नाही," जुलेखा म्हणाली.

गाडी निघाली. सुपारीच्या वाडीच्या कडेनं वळणापर्यंत तिचा हात खिडकीबाहेरच होता, आणि एक बोट दाराच्या पत्र्यावर ठक ठक करत होतं.